खोली क्रमांक ७४

मोहेंजोदडोच्या नकाशावर ‘एचआर’ नावाचा भाग आहे. पुरातत्त्वज्ञ हारग्रीव्ह्ज यांनी १९२५-२६ च्या हंगामात तिथं खोदकाम केलं, म्हणून त्यांच्या आडनावाची ही अक्षरं. ‘व्हीएस’ म्हणजे माधो सरूप वत्स यांचा भाग, ‘डीके’ म्हणजे काशिनाथ दीक्षितांचा. एचआर भागातल्या पाचव्या घरात ७४ क्रमांकाची एक खोली आहे आणि हे प्रकरण त्या खोलीचं आहे.

त्या खोलीत चौदा माणसांचे सांगाडे निघाले. तेरा मोठी माणसं, त्यांत बायका आणि पुरुष दोन्ही, आणि एक मूल. काहींच्या अंगावर कडी, अंगठ्या, मणी तसेच होते. नीट हातपाय सरळ करून ठेवलेली ही प्रेतं नव्हती. वेडीवाकडी, एकमेकांत अडकलेली होती. सेवेल आणि बी. एस. गुहा यांनी हाडं तपासली तेव्हा एका कवटीवर १४६ मिलिमीटर लांबीची सरळ चीर आढळली. दुसऱ्या एका कवटीवरही माराच्या खुणा असाव्यात असं त्यांचं मत पडलं.

असे सांगाडे शहरात आणखीही ठिकाणी मिळाले होते. व्हीएस भागातल्या एका गल्लीत सहा, डीके भागात हस्तिदंतांसोबत नऊ, त्याच भागात एका विहिरीच्या खोलीच्या पायऱ्यांवर दोन आणि जवळपास आणखी दोन. अर्धवट सांगाडे धरून एकूण सदतीसच्या आसपास. कित्येक शतकं वसलेल्या एवढ्या मोठ्या शहरासाठी हा आकडा फारच छोटा आहे. पण त्या वेळी कुणाचं लक्ष आकड्याकडे नव्हतं, ते प्रेतांच्या अवस्थेकडे होतं. डीके भागातल्या नऊ जणांबद्दल मोहेंजोदडोचे एक उत्खननकार अर्नेस्ट मॅके यांनी कल्पना केली की हे कुटुंब चीजवस्तू घेऊन पळत होतं आणि हल्लेखोरांनी त्यांना वाटेत गाठलं.

पुढे वीसेक वर्षांनी या सगळ्यांना एका खटल्यात साक्षीदार म्हणून उभं केलं गेलं. आरोपी होता इंद्र.

खटला उभा कसा राहिला

मॉर्टिमर व्हीलर १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. लष्करातून आलेला, शिस्तीचा, बोलण्यात धारदार माणूस. आल्या आल्या त्यांनी तक्षशिलेला प्रशिक्षण शिबिर घेतलं, १९४५ मध्ये अरिकमेडू खणलं, १९४६ मध्ये हडप्पा, १९४७ मध्ये ब्रह्मगिरी. उपखंडात थरावार उत्खननाची शिस्त रुजवली ती त्यांनी, हे त्यांचे टीकाकारही मान्य करतात. चौकोनी खड्ड्यांची जाळी आखायची, दोन खड्ड्यांमध्ये मातीचा बांध न खणता ठेवायचा, त्या बांधाच्या उभ्या भिंतीवर थर वाचायचे, त्यांच्या सीमा थापीनं कोरायच्या, क्रमांकाची लेबलं टोचायची आणि त्या छेदाचं मापात चित्र काढायचं. वस्तू कितीही देखणी असो, ती कुठल्या थरातून आली ते माहीत नसेल तर तिची किंमत निम्म्याहून कमी. ही सवय त्यांनी एका पिढीच्या हातात बसवली.

हडप्पाला त्यांना टेकाडाभोवतीची कच्च्या विटांची प्रचंड तटबंदी सापडली. तोवर सिंधू संस्कृतीची शहरं उघडी, शांतताप्रिय मानली जात. तट दिसल्यावर व्हीलर यांच्या डोक्यात तुकडे जुळू लागले. ऋग्वेदात इंद्र ‘पुरंदर’, म्हणजे पुरं फोडणारा. ती पुरं कोणती याचं उत्तर तोवर नव्हतं. आता तटबंदीची शहरं समोर होती. शहरांचा शेवट त्यांच्या मते इसवी सनपूर्व १५०० च्या सुमारास झाला, आणि आर्यांच्या आगमनाची प्रचलित तारीखही तीच. शिवाय मोहेंजोदडोत रस्त्यांवर, खोल्यांत न पुरलेली प्रेतं होती. १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या हडप्पाच्या अहवालात त्यांनी लिहिलं की परिस्थितिजन्य पुराव्यावरून इंद्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे.

वाक्य झकास आहे. ते इतकं पसरलं की शाळेच्या पुस्तकांपासून राजकीय भाषणांपर्यंत पोचलं, आणि पुढे ते मानणारे आणि झोडपणारे असे दोन्ही पक्ष त्यावर पोसले गेले. त्या भांडणात मला शिरायचं नाही. मला त्यातलं एकच गृहीतक तपासायचं आहे, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे: ही माणसं शहराच्या शेवटच्या दिवशी मेली.

व्हीलर यांचा तर्क असा होता. शहर नांदतं असताना रस्त्यात प्रेत पडलं तर लोक ते उचलतील. ज्या अर्थी कुणी उचललं नाही, त्या अर्थी उचलायला कुणी उरलं नव्हतं. म्हणजे ही प्रेतं सगळ्यात वरच्या थरातली, शहराच्या अंताची. ऐकायला बिनतोड वाटतं. पण ‘सगळ्यात वरच्या थरातली’ हे विधान तर्कानं करायचं नसतं. ते छेदात दाखवावं लागतं.

एका शब्दाचे दोन अर्थ

मराठीत ‘खोली’ म्हणजे राहायची जागा आणि ‘खोली’ म्हणजे खोलपणा. खोली क्रमांक ७४ च्या प्रकरणात दुसऱ्या अर्थानं सगळा घोळ घातला.

सर्वेक्षणाचे आधीचे महासंचालक जॉन मार्शल आणि मॅके यांच्या काळात नोंद अशी होई: जागेवर एक पक्का आधारबिंदू ठरवायचा आणि प्रत्येक वस्तू त्याच्यापासून किती फूट खाली मिळाली ते लिहायचं. त्या मापांवरून आणि घरांच्या फरशा, उंबरे यांच्या पातळ्यांवरून मॅके यांनी काळाचे टप्पे पाडले: उत्तर (म्हणजे नंतरचा), मध्य, पूर्व (म्हणजे आधीचा) आणि त्यांचे पोटविभाग. अमुक फुटांपासून तमुक फुटांपर्यंत जे मिळेल ते त्या टप्प्याचं.

टेकाड मात्र पाटासारखं सपाट नसतं. मोहेंजोदडोत काही घरं विटांच्या उंच ओट्यांवर बांधलेली, काही खोलगटात. गल्ल्या उतरत जाणाऱ्या. एका घराची पडझड झाली की तिथं चार फूट राडारोडा साचतो, शेजारचं घर त्याच काळात झाडून-सारवून वापरात असतं. अशा जागी एकाच आडव्या रेषेवर एका टोकाला आजोबांची फरशी येते आणि दुसऱ्या टोकाला नातवाचा उकिरडा. रेषा सरळ आहे, काळ सरळ नाही. व्हीलर यांनी या पद्धतीची जाहीर खिल्ली उडवली. उतरते थर आणि त्यांना आडव्या कापत जाणाऱ्या सरळ रेषा यांची आकृतीच त्यांनी छापली. ती पाहिली की मुद्दा क्षणात कळतो.

मॅके यांच्या बाजूनं एक सांगायला हवं. त्यांनी हजारो वस्तूंची नोंद घर, खोली आणि फुटांतल्या मापासकट छापली. पद्धत सदोष होती, पण नोंद प्रामाणिक होती. म्हणून तर १९७९ नंतर मिखाएल यान्सेन यांच्या आखेनच्या गटाला जुनी रजिस्टरं, छायाचित्रं आणि उभ्या भिंतींची नवी मोजणी एकत्र करून बऱ्याच गोष्टी पुन्हा जागेवर बसवण्याचं काम हाती घेता आलं. ज्यांनी मापंही लिहिली नाहीत त्यांच्या बाबतीत हा रस्ताच बंद असतो.

आता खोलीच्या मापाची दुसरी, जास्त घातक अडचण. आज कुणी चार फूट खड्डा खणून त्यात नाणं पुरलं, तर ते नाणं काही शतकांपूर्वीच्या जमिनीच्या पातळीला जाऊन बसतं. मापावरून ते जुनं, थरावरून आजचं. म्हणून खड्ड्याच्या बाबतीत तळ कुठं आहे हा प्रश्न दुय्यम असतो. खड्डा कुठल्या पृष्ठभागावरून खणला, म्हणजे त्याचं तोंड कुठल्या थरात आहे, हे शोधायचं असतं. तोंड ज्या थरावर उघडतं त्या थरानंतरचा तो खड्डा, आणि ज्या थरानं ते तोंड झाकलं त्याच्या आधीचा. उत्खननातल्या निम्म्या चुका खड्डा वेळेत न ओळखल्यानं होतात असं मी म्हटलं तर खोदकाम केलेले लोक फार वाद घालणार नाहीत. भराव आणि आजूबाजूची माती यांच्यात रंगाचा फरक कधी इतका पुसट असतो की पाणी शिंपडून, तिरप्या उन्हात बघावं लागतं. कधी तो डोळ्यांना दिसतच नाही, थापीला जाणवतो. भराव भुसभुशीत लागतो.

तर मग खोली ७४ मध्ये काय असू शकत होतं? एक शक्यता व्हीलर म्हणतात ती. लोक फरशीवर मेले आणि वरून घर कोसळलं किंवा हळूहळू ढासळलं. तसं असेल तर छेदात फरशी, तिला टेकलेली हाडं, त्यावर थेट विटांचा राडा आणि त्यावर वस्तीची एकही खूण नाही असं दिसायला हवं. दुसरी शक्यता, घर आधीच ओस पडलेलं होतं. त्यात धूळ, राख, खापरं साचली होती आणि पुढे केव्हातरी तिथं प्रेतं आणून टाकली गेली. तेव्हा हाडं आणि फरशी यांच्यामध्ये वीतभर तरी कचऱ्याचा थर सापडेल. तिसरी, ओस घराच्या ढिगाऱ्यावर राहणाऱ्या नंतरच्या लोकांनी घाईघाईत खड्डा खणून साथीतली किंवा आणखी कशातली प्रेतं एकत्र लोटली. तेव्हा छेदात खड्ड्याची कड दिसेल, कदाचित फरशी फुटलेली दिसेल. चौथी, हाडं नंतरच्या एखाद्या अखंड फरशीखाली असतील. म्हणजे ही माणसं मेल्यावरही त्यांच्या डोक्यावर घरं बांधली गेली, आणि मग शेवटच्या दिवसाची गोष्ट तिथंच संपली.

चारही शक्यतांत हाडांची आधारबिंदूपासूनची खोली अगदी सारखी असू शकते. फरक फक्त छेदात कळतो. आणि खोली ७४ चा असा छेद कुणी काढलेला नाही. शेकडो मजूर पाट्या भरून माती उचलत होते, भिंती मोकळ्या करणं हे उद्दिष्ट होतं, खोलीतला भराव हा अडथळा होता. त्या काळी बहुतेक ठिकाणी हेच चाले, म्हणून हारग्रीव्ह्ज यांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

मला खटकतं ते वेगळंच. ज्या नोंदींना व्हीलर यांनी कुचकामी ठरवलं, त्याच नोंदींतले सांगाडे त्यांनी जसेच्या तसे उचलून शेवटच्या थरात ठेवले. थराबद्दल दुसऱ्याला जो प्रश्न विचारायचा तो त्यांनी स्वतःच्या गोष्टीला विचारला नाही.

हे का घडलं असावं याचा एक धागा इंग्लंडमध्ये सापडतो. १९३० च्या दशकात त्यांनी डॉर्सेटमधल्या मेडन कॅसल या टेकडीवरच्या किल्ल्याचं उत्खनन केलं होतं. पूर्वेच्या दरवाज्याशी त्यांना दफनं मिळाली. एका सांगाड्याच्या मणक्यात लोखंडी बाणाचं पातं रुतलेलं. त्यांनी तिथं रोमन सैन्याच्या हल्ल्याची गोष्ट सांगितली आणि ती गाजली. पुढच्या संशोधकांनी तीही बरीच सौम्य केली आहे. असा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला तट आणि प्रेतं एकत्र दिसली की काय आठवणार हे उघड आहे. तरी मेडन कॅसलची दफनं त्यांनी स्वतः खणली होती, थर त्यांच्या डोळ्यांसमोर होते. मोहेंजोदडोचे सांगाडे त्यांनी कागदावर पाहिले. त्यांनी १९५० मध्ये तिथं काम केलं ते बालेकिल्ल्याच्या टेकाडावर, ज्या इमारतीला ते धान्यकोठार म्हणत तिच्यापाशी.

हडप्पाचा छेद काय सांगत होता

गंमत अशी की व्हीलर यांच्याच १९४६ च्या कामात एक साक्ष त्यांच्या विरुद्ध होती. हडप्पात दोन दफनभूमी आहेत. ‘आर ३७’ ही शहराच्या भरभराटीच्या काळातली, आणि ‘एच’ ही नंतरची, वेगळ्या भांड्यांची. दोन्हींमधलं नातं व्हीलर यांनी थरावार खोदून पक्कं केलं: आर ३७ खाली, एच वर. हे काम इतकं चोख होतं की त्याबद्दल आजही शंका घेतली जात नाही. एच दफनभूमीच्या लोकांत त्यांना आक्रमक आर्य असण्याची शक्यता दिसली.

पण दोन्हींच्या मधे काय होतं? राडारोड्याचा जाड थर. राडारोडा एका दुपारी साचत नाही. पुढे पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं: मधे काळ गेला आहे, तेव्हा एच वाल्यांनी आर ३७ वाल्यांना मारून शहर घेतलं असं म्हणता येत नाही. ज्यांची गाठच पडली नाही ते लढणार कसे? हा आक्षेप घेता आला तो व्हीलर यांनी मधला थर प्रामाणिकपणे मोजून, काढून छापला म्हणूनच. तोच माणूस, त्याच वर्षातलं काम. जिथं छेद होता तिथं त्याची चूक दुसऱ्याला सुधारता आली, आणि जिथं छेद नव्हता तिथं ती वीस वर्षं टिकली.

१९६४

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयातले जॉर्ज डेल्स यांनी १९६४ मध्ये जुने अहवाल पुन्हा पानापानानं वाचले आणि मोहेंजोदडोचं हत्याकांड ही दंतकथा असल्याचं लिहिलं. त्यांनी नवं काही खणलं नव्हतं. त्यांनी फक्त प्रत्येक सांगाड्याला विचारलं: तू नक्की कुठं होतास?

उत्तरं एकमेकांशी जुळेनात. सगळे सांगाडे एका टप्प्याचे नव्हते. काही उत्तर काळातल्या वस्तीच्या बांधकामाशी जोडता येत, काहींची जागा त्याआधीची, काहींचं नातं कशाशीच लावता येत नव्हतं. काही ठिकाणी ही पुरलेली प्रेतं असावीत असं मूळ अहवालातच सुचवलं होतं. एचआर भागातल्या ज्या गल्लीला ‘मेलेल्या माणसाची गल्ली’ असं नाव पडलं, तिथं कवटीचा तुकडा, छातीची आणि दंडाची थोडी हाडं, एवढंच होतं.

मग डेल्स यांनी जे नव्हतं ते मोजलं. शेवटच्या टप्प्यावर पसरलेला राखेचा आणि जळक्या विटांचा सलग थर नाही. लढाईत विखुरलेली शस्त्रं नाहीत. सर्वात महत्त्वाचं म्हणजे बालेकिल्ल्यावर एकही सांगाडा नाही. सगळे खालच्या शहरात. हल्ला झाला असता तर शेवटची झुंज बालेकिल्ल्यावर झाली असती. स्तरशास्त्रात नसण्याला सहसा फार वजन देऊ नये. तरी शहर जाळून, लुटून संपवलं असा दावा असताना जळीताचा थर कुठंच नसणं ही दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नाही. अंगावरचे दागिने तसेच सोडून जाणारे लुटारू हा त्यातलाच एक उपप्रश्न.

त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून डी. पी. अग्रवाल यांनी कार्बन-१४ च्या आधारे सिंधू संस्कृतीचा शेवट मागे सरकवला: तिचा काळ त्यांनी इसवी सनपूर्व २३०० ते १७५० असा धरला. पुढे दुरुस्त्या होऊन नागर काळ, म्हणजे शहरांचा काळ, साधारण २६०० ते १९०० असा धरला जाऊ लागला. आरोपी घटनास्थळी पोचण्याआधी शहर मोडून काही शतकं लोटली होती.

उरल्या होत्या कवटीवरच्या चिरा. १९८० च्या दशकात प्राचीन मानवी हाडांचे अभ्यासक केनेथ केनेडी यांनी हाडं नव्यानं तपासली. मृत्यूच्या वेळच्या हिंसेच्या खुणा त्यांना जवळजवळ सापडल्याच नाहीत. जखम म्हणता येतील अशा खुणांतली एक तर भरून आलेली होती, म्हणजे घाव बसल्यावर माणूस जगला होता. त्यांना आजाराची, मलेरियासारख्या दीर्घ दुखण्याची लक्षणं जास्त लक्षवेधी वाटली.

हाडांबद्दल आणखी एक विचार मला सोडत नाही. एवढ्या सगळ्यांची ठेवण वर्णन करता आली, म्हणजे सांधे बऱ्यापैकी जागेवर होते. उघड्यावर पडलेलं प्रेत तसं राहत नाही. कुत्री-कोल्ही ते ओढतात, हातापायांची हाडं आधी विखुरतात, उन्हानं हाडांना चिरा पडतात. सांधे जुळलेले सापडले तर प्रेतावर माती लवकर पडली असं समजायचं. ती घर कोसळून पडली असेल किंवा माणसांनी लोटली असेल. माणसांनी लोटली असेल तर ‘उचलायला कुणी उरलं नव्हतं’ हे वाक्य पडतं. पण याची खात्री करायला हाडांच्या मधली माती हवी: ती विटांचा चुरा होती, उकिरड्याची राख होती, की पाण्यानं आणलेला बारीक गाळ.

आज अशी खोली खणली जाईल तेव्हा तिचा अर्धा भाग आधी खणून मधोमध छेद राखतील. प्रत्येक भराव, प्रत्येक फरशी, खड्ड्याची प्रत्येक कड यांना वेगळा क्रमांक मिळेल. एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये विंचेस्टरच्या कामातून आखलेल्या तक्त्यात त्यांचा आधी-नंतरचा क्रम मांडला जाईल. त्या तक्त्याची खुबी अशी की त्यात माती काढून टाकण्याची क्रिया, म्हणजे रिकामा खड्डासुद्धा, एक स्वतंत्र घटना म्हणून धरतात. हाडं उचलण्याआधी मातीचा अखंड ठोकळा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी ठेवतील. चौदा सांगाड्यांना एक महिना लागेल, कदाचित दोन. १९२० च्या दशकात तेवढ्या वेळात एक मोहल्ला मोकळा होई.

१९६४-६५ च्या हिवाळ्यात डेल्स स्वतः मोहेंजोदडोला गेले आणि एचआर भागातच वरच्या थरांत त्यांनी खोदकाम केलं. त्यांनाही विटांच्या राड्यात आणखी काही सांगाडे मिळाले. या वेळी राडा कसा साचला होता त्याचीही नोंद झाली. तो तिथला शेवटचा मोठा हंगाम ठरला. उघड्या पडलेल्या भिंतींना खार खाऊ लागला होता, त्यामुळे त्यानंतर मोठ्या उत्खननाला परवानगी मिळाली नाही, आणि १९८० मध्ये जागा जागतिक वारसा यादीत गेली. खोली ७४ चा भराव मात्र त्याच्या कितीतरी आधी, हाडांसोबत, पाट्यांतून बाहेर गेला होता.